मिस्त्री घरी, शिकाऊ दारी

पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात गेली काही वर्षे एक युक्तिवाद सतत कानावर पडतो. उद्योगसंघटनांच्या बैठकांत, कौशल्य विकासाच्या परिषदांत, वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत मांडणारे बदलतात, मांडणी तीच असते. इंजिनिअरिंग कारखान्यांतले कायम कामगार घटत आहेत हे वाईट खरे, पण त्याला इलाज नाही. रोबो आले, विजेवरच्या गाड्या आल्या, जुने कसब निकामी झाले. शिकाऊ उमेदवारांची भरती मात्र जोरात आहे आणि ते अभिनंदनीय आहे. तरुण हातांना काम, उद्योगाला तयार माणूस, आणि आपण हळूहळू जर्मनीच्या वाटेला लागलो. पहिल्या भागाला सुस्कारा, दुसऱ्याला टाळ्या. या दोन भागांचा एकमेकांशी काही संबंध असेल, अशी शंका व्यासपीठावर बसलेल्या कोणालाच येत नाही.

मला ती येते. माझे म्हणणे असे की, कायम कामगारांची कपात आणि शिकाऊंची भरती या एकाच व्यवहाराच्या जमा आणि खर्च अशा दोन बाजू आहेत. यासाठी कोणा एका मालकाला खलनायक ठरवण्याची गरज नाही. चांगले, सज्जन, वेळेवर पगार करणारे मालकही हाच व्यवहार करतात, कारण कायद्याने तो सोपा आणि स्वस्त करून ठेवला आहे. तेव्हा आधी कायदाच पाहू.

आपल्याकडे शिकाऊ उमेदवारीचा पहिला कायदा १८५० सालचा. अनाथ आणि धर्मादायावर वाढलेल्या गरीब मुलांना काही हुन्नर शिकता यावा, मोठेपणी पोट भरता यावे, एवढाच त्याचा हेतू होता. तो रद्द करून १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आला. पोलाद, अवजड यंत्रे, धरणे यांचा तो काळ. देशाला फिटर, टर्नर, मशिनिस्ट हवे होते, आणि ते वर्गात तयार होत नाहीत याची कायदा करणाऱ्यांना पक्की जाणीव होती. म्हणून त्यांनी कलम ८ मध्ये एक अट घातली. कारखान्याने किती शिकाऊ घ्यायचे, हे प्रत्येक ट्रेडसाठी त्याच ट्रेडमधल्या कामगारांच्या प्रमाणात ठरायचे. आणि हे कामगार मोजताना अकुशल वगळायचे. समजा सात फिटरांमागे एक शिकाऊ फिटर, असे प्रमाण ठरले, तर ज्या शॉपमध्ये सत्तर फिटर आहेत तिथे दहा शिकाऊ. फिटर पस्तीस उरले की शिकाऊ पाच.

वाचायला हे रुक्ष गणित आहे. पण शिकणे कसे घडते, याची समज त्यात होती. मुलगा कारखान्याच्या इमारतीकडून शिकत नाही, मनुष्यबळ विभागाकडून तर नाहीच. तो शेजारी उभ्या असलेल्या जाणत्या माणसाकडून शिकतो. जाणती माणसे जितकी, त्या हिशेबात शिकणारी. एका अर्थी हे कलम जुन्या कामगारालाही अप्रत्यक्ष संरक्षण देत होते, कारण त्याला घरी पाठवले तर शिकाऊंचा कोटाही घटत होता.

२०१४ च्या दुरुस्तीने ही अट गेली. ट्रेडनिहाय प्रमाणाच्या जागी एक टक्केवारीचा पट्टा आला: आस्थापनेतल्या एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते दहा टक्के. २०१९ मध्ये नियम बदलून वरची मर्यादा पंधरा टक्के केली आणि तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना शिकाऊ घेणे बंधनकारक झाले. आता त्या ‘एकूण मनुष्यबळा’त काय येते ते बघा. कंत्राटी माणसेसुद्धा! झाडलोट करणारे, फोर्कलिफ्ट चालवणारे, ठेकेदाराने पाठवलेले लोडिंगचे मदतनीस, सगळे मोजायचे. समजा एका कारखान्यात दोन हजार माणसे आहेत आणि त्यांतली सहाशे कायम. नव्या हिशेबाने तिथे तीनशे शिकाऊ घेता येतात, म्हणजे दोन कायम कामगारांमागे एक. उद्या स्वेच्छानिवृत्तीची योजना आणून सहाशेपैकी तीनशे घरी पाठवले आणि त्यांच्या जागी ठेकेदाराकडून तीनशे माणसे आणली, तर शिकाऊंचा आकडा तीनशेच राहतो. शिकवणारे निम्म्यावर आले तरी शिकणारा एकही कमी करावा लागत नाही.

या बदलाला त्या वेळी ‘इन्स्पेक्टर राज’मधून सुटका म्हटले गेले, आणि त्यात काही तथ्यही होते. ट्रेडनिहाय प्रमाणाची नोंद ठेवणे किचकट होते, शिकाऊ घेतले नाहीत म्हणून मालकाला तुरुंगाची भीती दाखवणारे जुने कलम हास्यास्पद होते. ते काढले, बरे केले. आता कमी पडणाऱ्या प्रत्येक शिकाऊमागे दरमहा पाचशे रुपये, तीन महिन्यांनंतर हजार रुपये दंड. पण दंड कशासाठी आहे ते लक्षात घ्या: शिकाऊ कमी घेतले यासाठी. घेतलेल्याच्या हाती वर्षभर काय शिक्षण पडले, हे दंडाच्या त्या हिशेबात कुठेच येत नाही.

संख्येचे हे वेड वरूनच आलेले आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये राष्ट्रीय शिकाऊ प्रोत्साहन योजना, म्हणजे नॅप्स, सुरू झाली तेव्हा २०१९-२० पर्यंत ५० लाख शिकाऊ घडवण्याचे उद्दिष्ट होते. मे २०२५ पर्यंतचा सरकारी आकडा ४३ लाखांच्या थोडा वर आहे. मुदतीनंतर पाच वर्षे उलटूनही उद्दिष्ट गाठले गेले नव्हते, यावरून सरकारला कोपरखळी मारता येईल. मला त्यात रस नाही. मला खुपते ते हे, की ४३ लाख ‘घेतले’ हीच यशाची मोजपट्टी आहे. किती जणांनी उमेदवारी पुरी केली, कितींनी राष्ट्रीय प्रमाणपत्राची परीक्षा दिली, जिथे शिकले तिथेच किती जणांना नोकरी लागली, हे आकडे कौतुकाच्या भाषणांत येत नाहीत. दवाखान्यात दाखल झालेल्यांची संख्या सांगून आरोग्यखात्याने पाठ थोपटून घ्यावी, तसा हा प्रकार आहे.

आता स्वस्ताईकडे येऊ. युक्तिवाद करणारे म्हणतात की शिकाऊ स्वस्त पडतो म्हणून कोणी घेत नाही. त्याला शिकवायचा खर्च मालकच सोसतो. हिशेब करून पाहू. २०१९ च्या नियमांप्रमाणे आयटीआय झालेल्या शिकाऊला किमान विद्यावेतन दरमहा ७,००० रुपये, डिप्लोमावाल्याला ८,०००, पदवीधर इंजिनिअरला ९,०००. नॅप्समध्ये सरकार त्यातला चौथा हिस्सा, फार तर १,५०० रुपये, उचलते. म्हणजे आयटीआयचा फिटर मालकाला ५,५०० रुपयांत पडतो. मोठ्या कंपन्या यापेक्षा बरेच जास्त देतात, हे मान्य. तरीही तो आकडा कायम ऑपरेटरच्या पगाराच्या आसपास कुठेच येत नाही. किमान दर तर अकुशल मजुराच्या किमान वेतनाहूनही खाली आहेत. शिवाय भविष्यनिर्वाह निधीचा कायदा आणि राज्य विम्याचा कायदा या दोहोंनी शिकाऊला कामगाराच्या व्याख्येतून वगळले. तेव्हा पीएफचा बारा टक्के वाटा नाही, ईएसआयचा सव्वातीन टक्के नाही, ग्रॅच्युइटी नाही, बोनस नाही. हे किमान दर २०१९ मध्ये ठरले आणि पुढची सहा वर्षे तेच राहिले. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय शिकाऊ परिषदेने छत्तीस टक्के वाढीची शिफारस केली तेव्हा कुठे त्यांच्याकडे कोणाचे लक्ष गेले.

कुशल माणसांची टंचाई आहे म्हणतात ना? मग ज्या मालाची टंचाई, त्याचा भाव सहा वर्षे जागचा हलत नाही, हे कोणत्या बाजारात घडते?

सगळ्यात मोठी बचत मात्र पैशाच्या रकान्यात दिसत नाही. कायद्याचे कलम १८ सांगते की शिकाऊ हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, आणि कामगार कायदे त्याला लागू नाहीत. कारखान्यातल्या सुरक्षिततेच्या आणि अपघात-भरपाईच्या तरतुदी तेवढ्या लागू. या भूमिकेमागचा विचार १९६१ साली योग्यच होता. विद्यार्थ्याला कामगार म्हणू नये. पण आज त्याचा अर्थ असा होतो की त्याला काढावे लागतच नाही. त्याचा करार संपतो. कायम कामगार कमी करायचा तर नुकसानभरपाई, ज्येष्ठतेची यादी, मोठ्या कारखान्यांत सरकारची परवानगी. या परवानगीची मर्यादाही शंभर कामगारांवरून तीनशेवर गेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये श्रमसंहिता लागू झाल्या तेव्हा त्यावर शिक्कामोर्तब झाले. हंगामी कामगाराचे २४० दिवस भरू नयेत म्हणून सहा-सात महिन्यांनी ‘ब्रेक’ देण्याची कसरत पिंपरी-चिंचवडला नवी नाही. आणि महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा कायद्यात, बदली किंवा तात्पुरते म्हणून माणसे वर्षानुवर्षे राबवून त्यांना कायमपणापासून वंचित ठेवणे ही अनुचित प्रथा म्हणून नोंदलेली आहे. शिकाऊच्या बाबतीत ही कसरतही नको आणि ती भीतीही नको. एक तुकडी गेटातून बाहेर पडते, दुसरी आत येते. कपातीच्या कोणत्याही नोंदीत त्यांतला एकही मुलगा सापडणार नाही.

हा रस्ता किती सोयीचा आहे, हे त्याला फुटलेल्या आडवाटांवरून कळते. २०१३ मध्ये तंत्रशिक्षण परिषदेने ‘नीम’ नावाची योजना काढली. रोजगारक्षमता वाढवणे हा हेतू. काही वर्षांत चाकण-रांजणगावच्या बसमध्ये ‘नीम ट्रेनी’ ही स्वतंत्र जातच दिसू लागली. उत्पादनाच्या लाइनवर, तिन्ही शिफ्टमध्ये. तक्रारी इतक्या वाढल्या की पुढे परिषदेला ती योजनाच गुंडाळावी लागली. योजना गेली, तिच्यामुळे ज्या जागा भरायची सवय लागली होती, त्या जागा आता वेगळ्या नावाने भरतात.

यावर उत्तर ठरलेले असते: ‘पण मुले शिकतात ना? अनुभव तर मिळतो?’ या उत्तरापाशी जरा थांबायला हवे, कारण इथेच सगळ्यात जास्त धूळफेक होते.

सीएनसी मशीनचे उदाहरण घेऊ. त्या मशीनवर दोन प्रकारची कामे असतात. एक म्हणजे जॉब लावायचा, दार बंद करायचे, बटण दाबायचे, सायकल संपली की जॉब काढून हवेने साफ करायचा आणि गेज लावून बघायचे. हे दोन दिवसांत येते. दुसरे काम सेटरचे: ड्रॉइंग वाचायचे, फिक्स्चर बसवायचे, टूलचे ऑफसेट घ्यायचे, इन्सर्ट झिजला की माप किती मायक्रॉनने सरकेल याचा अंदाज बांधायचा, मशीनच्या आवाजावरून काही बिघडते आहे हे ओळखायचे. हे यायला वर्षे लागतात आणि ते पुस्तकात नीट लिहिताही येत नाही. भोसरीतल्या कोणत्याही कारखानदाराला विचारा, तो सांगेल की ऑपरेटर पन्नास मिळतील, सेटर मिळत नाही. बरोबर आहे. मिळणार कसा? शिकाऊला वर्षभर लोडिंग-अनलोडिंगला उभे करायचे, कारण सेटर त्याच्यापाशी थांबला तर उत्पादन बुडते; सेटर पन्नाशीला आला की त्याला स्वेच्छानिवृत्तीचे पाकीट द्यायचे; आणि मग परिषदेत जाऊन सेटरच्या टंचाईवर भाषण करायचे.

असेंब्ली लाइनवर तर याहून वाईट. एका स्टेशनवर मिनिटाच्या आसपास वेळ मिळतो. आयटीआयमध्ये दोन वर्षे कानस चालवून, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हाताळून आलेला फिटर तिथे नटरनर घेऊन तेच चार बोल्ट आवळत राहतो. तिसऱ्या आठवड्यानंतर त्या कामात शिकण्यासारखे काही उरत नाही. मुलगा सहाव्या महिन्यात सोडून गेला की मनुष्यबळ अधिकारी म्हणतो, ‘आजकालच्या मुलांत चिकाटी नाही.’ चिकाटी कशाला धरायची, चार बोल्टांना? विदर्भ-मराठवाड्यातून आलेला हा मुलगा चाकणला एका खोलीत सहा जणांबरोबर राहतो, मेसचे पैसे भरतो, आणि महिनाअखेर घरी पाठवायला हातात फारसे काही उरत नाही. तो सोडून जातो आणि डिलिव्हरीच्या गाडीवर बसतो, तेव्हा तो आळशी नसतो, त्याने हिशेब केलेला असतो.

याच पट्ट्यात वेगळे घडलेले आहे, म्हणून हे जास्त बोचते. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, पिंपरीला बस्तान बसवले तेव्हा कंपनीचे धुरीण सुमंत मुळगावकर यांनी प्रशिक्षण विभाग आणि मशीन टूल विभाग यांना आधी स्थान दिले, गाड्या नंतर. तिथे शिकलेले शिकाऊ पुढे त्याच कारखान्यात मिस्त्री, फोरमन, प्लॅनिंगवाले झाले, आणि बाहेर पडलेल्यांनी भोसरी-चिंचवडच्या शेडमध्ये स्वतःची वर्कशॉप घातली. ‘टेल्कोचा अप्रेंटिस’ ही लग्नाच्या बैठकीत सांगायची गोष्ट होती. त्या काळाला सोन्याचा मुलामा द्यायचा माझा विचार नाही. तेव्हाही वशिला होता, संप होते, आणि या शिकाऊंत मुली जवळपास नव्हत्याच. पण शिकाऊ घेणे म्हणजे उद्याचा कामगार घडवणे, असा त्या भरतीचा हिशेब होता.

‘काळ बदलला, तंत्रज्ञानाने नोकऱ्या खाल्ल्या’, हा पुढचा मुद्दा. तंत्रज्ञान काही नोकऱ्या खातेच, वाद नाही. पण आपल्या पट्ट्यातल्या मोठ्या कपाती आठवा. बजाज ऑटोने आकुर्डीचे उत्पादन २००७ मध्ये थांबवले, तेव्हा रोबोने कोणाची जागा घेतली नव्हती. त्याच वर्षी उत्तराखंडात पंतनगरला, करसवलतींच्या छायेत, नवा कारखाना सुरू झाला होता. जनरल मोटर्सने तळेगावचे उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये बंद केले, ते विजेवरच्या गाड्यांमुळे नाही. कंपनीने भारतातली विक्री २०१७ मध्येच थांबवली होती आणि जगातल्या इतरही अनेक बाजारांतून ती माघार घेत होती. त्या कारखान्यातल्या चौदाशेच्या आसपास कामगारांनी न्यायालयाची दारे ठोठावली, कारखाना ह्युंदाईकडे गेल्यावर नव्या मालकाने आम्हाला घ्यावे म्हणून उपोषणे केली. वर्षानुवर्षे मोटारी बनवलेली ही माणसे ‘कालबाह्य’ होती का? चाळिशीतला वेल्डर नव्या कारखान्यात निरुपयोगी आणि विशीतला नवखा उपयोगी, हा निवाडा कसबाच्या कोणत्या कसोटीवर केला? वयाची आणि पगाराची कसोटी असेल तर तसे स्पष्ट म्हणा.

आणि हे सगळे फक्त मोटारींचे नाही. उद्योगांच्या वार्षिक पाहणीत, २०२२-२३ मध्ये, कारखान्यांतल्या कामगारांत कंत्राटींचा वाटा चाळीस टक्क्यांच्या वर गेला. तंत्रज्ञानाने माणूसच नको झाला असता तर कंत्राटी माणूसही नको झाला असता. माणूस हवा आहे; त्याचे कायमपण नको आहे.

जर्मनीचे नाव घेतल्याशिवाय या विषयावर आपल्याकडे भाषण पुरे होत नाही, म्हणून जर्मनीबद्दलही दोन शब्द. तिथल्या व्यवस्थेत शिकाऊ आठवड्यातले काही दिवस व्यवसायशाळेत आणि बाकीचे कारखान्यात असतो, इथपर्यंत आपण सांगतो. त्याच्या कारखान्यात निवडून आलेली कामगार समिती असते, शिकाऊंचे स्वतःचे प्रतिनिधी असतात, आणि धातुउद्योगात २०१२ च्या करारापासून, उमेदवारी पुरी केलेल्याला कायम नोकरीत घेणे हे तत्त्व म्हणून मान्य झाले आहे, हे सांगायचे मात्र राहून जाते. तिथेही आता वाईट दिवस आहेत. फोक्सवॅगनने डिसेंबर २०२४ मध्ये संघटनेशी जो समझोता केला त्यात २०३० पर्यंत पस्तीस हजारांवर जागा कमी करायचे ठरले. त्याच समझोत्यात २०२६ पासून दरवर्षी घ्यायच्या शिकाऊंची संख्या १,४०० वरून ६०० वर आणली गेली. जर्मन तरुणांसाठी ही दुःखाची बातमी. पण तिच्यातली सरळ रेषा पाहा: नोकऱ्या घटणार म्हणून शिकाऊ जागा घटल्या, कारण शिकाऊ जागा म्हणजे पुढच्या नोकरीचे वचन. आपल्याकडे कायम नोकऱ्या घटतात तेव्हा शिकाऊ जागा वाढतात. मग ही जर्मनीची वाट कशी?

इथे कोणी म्हणेल, नोकरीची हमी कायद्यानेच कधी दिली नव्हती. खरे आहे. मूळ कलम २२ सांगत होते की शिकाऊला नोकरी देणे मालकावर बंधनकारक नाही. २०१४ मध्ये त्या जागी एक वाक्य आले: प्रत्येक मालकाने शिकाऊंच्या भरतीबाबत स्वतःचे धोरण ठरवावे. धोरण काय असावे, ते कोणाला दाखवावे, पाळले नाही तर काय, यावर कलम मौन पाळते. ‘जागा असल्यास विचार करू’ हेही धोरणच झाले. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये उत्तर प्रदेश राज्य परिवहनाच्या खटल्यात म्हटले होते की इतर गोष्टी सारख्या असतील तर प्रशिक्षित शिकाऊला थेट भरतीतल्या उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावे. पण भरतीच झाली नाही, तर प्राधान्य कशात देणार? सरकार स्वतः मालक असते तिथेही हाच प्रश्न रुळांवर उतरला होता. २० मार्च २०१८ च्या सकाळी रेल्वेच्या शिकाऊंनी माटुंगा-दादर दरम्यान लोकल अडवल्या. मुंबईकर चिडले, ते स्वाभाविक. रेल्वेच्याच वर्कशॉपमध्ये प्रशिक्षण घेतलेल्या त्या मुलांना रेल्वेतल्या भरतीत वीस टक्के राखीव वाटा होता, आणि उरलेल्यांनी काय करायचे, हा त्यांचा साधा प्रश्न होता. २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. सहा महिन्यांची मुदत, मग आंदोलने, मग पाच महिन्यांची वाढ. तोच प्रश्न, आता सरकारी कचेऱ्यांत.

कामगार संघटनांना या सगळ्यात निष्पाप ठरवायची माझी तयारी नाही. दर तीन वर्षांनी होणाऱ्या करारात पगारवाढीचा आकडा मोठा हवा, म्हणून नव्या भरतीचा विषय टेबलावरून काढून टाकायचा, हे किती संघटनांनी केले ते त्यांनाच विचारा. कायम सभासदांना भरघोस वाढ, त्या बदल्यात लाइनवर किती ट्रेनी आणि कंत्राटी लावायचे यावर मौन. दहा वर्षांनी तीच संघटना सभासद घटले म्हणून रडते. कित्येक कारखान्यांत शिकाऊ आणि कायम कामगार एकाच कॅन्टीनमध्ये वेगळ्या वेळेला जेवतात. शिकाऊंच्या वतीने एक मागणीही ज्यांच्या मागणीपत्रात कधी नव्हती, त्यांनी आता स्वेच्छानिवृत्तीच्या विरोधात तरुणांचा पाठिंबा मागावा, हे जरा धीटपणाचे आहे.

उलट, खरोखर शिकवणारेही आहेत आणि त्यांना या टीकेत ओढणे अन्यायाचे ठरेल. भोसरीच्या किंवा सातपूरच्या एखाद्या टूलरूममध्ये बारा-पंधरा माणसे असतात. तिथे मालक स्वतः ग्राइंडिंगवर बसतो. शिकाऊला डाय उघडावी लागते, बसवावी लागते, चुकली तर बोलणी खावी लागतात. दोन वर्षांत मुलगा तयार होतो आणि तिसऱ्या वर्षी मोठ्या कंपनीच्या गेटावर जाऊन उभा राहतो. छोट्या मालकाची ही तक्रार शंभर टक्के खरी आहे: शिकवायचे आम्ही, न्यायचे त्यांनी. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारखी संस्थाही दाखवते की शिकवायचे मनावर घेतले तर आपल्या मुलांना मायक्रॉन समजतो. नॅप्सचे पंधराशे रुपये द्यायचेच असतील तर या शेडना दुप्पट द्या. हजारो कोटींची उलाढाल असलेल्या कंपनीच्या लाइनवरच्या शिकाऊमागे सरकारने पैसे का घालावेत, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही.

मग मागणी काय? शिकाऊ भरती बंद करा, अशी मुळीच नाही. १९६१ च्या कलम ८ मधले तत्त्व परत आणा: शिकाऊंची संख्या त्या ट्रेडमधल्या कायम कुशल कामगारांवर ठरू द्या, ठेकेदाराच्या हजेरीपटावर नको. ज्या शॉपमध्ये गेल्या दोन वर्षांत कपात किंवा स्वेच्छानिवृत्ती झाली, तिथे नवे शिकाऊ घ्यायच्या आधी घरी गेलेल्यांना बोलावणे पाठवा. औद्योगिक विवाद कायद्याने कपात झालेल्या कामगाराला पुन्हा भरतीत प्राधान्य दिलेलेच होते, फक्त शिकाऊ घेतला की ती ‘भरती’ ठरत नाही. कलम २२ खालचे धोरण प्रत्येक कंपनीने शिकाऊ नोंदणीच्या पोर्टलवर टाकावे, आणि त्याच्या शेजारी दरवर्षी किती शिकाऊ कायम केले तो आकडा. स्वेच्छानिवृत्ती घेऊ पाहणाऱ्या सेटरला शेवटची तीन वर्षे मशीनवरून उतरवून प्रशिक्षक करा; नॅप्सचा पैसा त्याच्या पगारात घाला.

‘अशा अटी घातल्या तर कंपन्या शिकाऊ घेणेच थांबवतील’, ही शेवटची धमकी असते. थांबवतील, काही जण नक्कीच. ज्या लाइनवर शिकाऊच्या नावाने स्वस्त ऑपरेटर उभा होता तिथे त्यांना ऑपरेटर भरावा लागेल, ऑपरेटरच्या पगारावर, पीएफसकट. नॅप्सचा आकडा त्या वर्षी खाली येईल आणि मंत्रालयाला पत्रकार परिषदेत अवघड जाईल. ५० लाखांचे उद्दिष्ट मुदतीच्या पाच वर्षे मागे पडलेच, आणखी पाच वर्षे मागे राहिले तरी चालेल. उरलेल्या शिकाऊंच्या करारपत्रावर मात्र कंपनीच्या नावाखाली आणखी एक नाव छापा: ज्या कामगाराच्या हाताखाली हा मुलगा शिकणार, त्याचे, ट्रेड आणि तिकीट नंबरासह. ज्या शॉपमध्ये लिहायला असे नावच सापडत नाही, तिथला करार नोंदवू नका.